सिझरनंतर नक्की काय दुखतं? कळ, चमक, आग आणि ठणका

सिझरच्या दुसऱ्या दिवशी राउंडला आलेले डॉक्टर विचारतात, "दुखतंय का?" बाळंतीण म्हणते, "हो, थोडं." सिस्टर कागदावर काहीतरी टिपतात आणि सगळे पुढच्या खाटेकडे सरकतात. एवढ्या बोलण्यातून कुणालाच काही कळलेलं नसतं. तिचा टाका दुखतोय, गर्भाशयाची पिशवी आकुंचन पावतेय, पोटात वारा धरलाय की मणक्यातल्या इंजेक्शनाने डोकं दुखतंय? चारही ठिकाणी तक्रार "दुखतंय" अशीच येते आणि उपाय मात्र चार निराळे असतात.

खरं तर मराठीत दुखण्याला शब्दांची कमी नाही. कळ येते, चमक निघते, आग होते, ठणका लागतो, ओढ बसते. सिझरनंतर यातला नेमका शब्द सांगितला की अर्धं निदान तिथेच होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली २५.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली होती, गोव्यात ३९.५ टक्के. इतक्या बायका ज्यातून जातात ते दुखणं अजून "होईल हळूहळू कमी" एवढ्यावरच सोडून दिलं जातं, म्हणून हे जरा सविस्तर.

चमक: उठताना, खोकताना, हसताना

आधी कापलं काय जातं ते बघू. जांघांच्या मधल्या हाडाच्या साधारण दोन बोटं वर आडवा, १० ते १५ सेंटिमीटरचा छेद असतो. त्वचा, तिच्याखालची चरबी, मग पोटाच्या स्नायूंवरचं पांढरं चिवट आवरण. हे आवरण कापतात. त्याखालचे उभे स्नायू मात्र कापत नाहीत, मधल्या रेषेत बोटांनी बाजूला सारतात. "पोटाचे स्नायू कापले, आता पोट कधीच आत जाणार नाही" हा समज इथेच खोटा ठरतो. त्याच्या आत पोटाचा पातळ पडदा, मग मूत्राशय खाली सारून गर्भाशयाच्या खालच्या भागावर छेद.

त्वचा लवकर जुळते. वेळ लागतो तो त्या पांढऱ्या आवरणाला. ते जाड, विरघळणाऱ्या धाग्याने शिवलेलं असतं आणि सहा आठवड्यांनीही त्याला पूर्वीची पूर्ण ताकद आलेली नसते. आडवं असताना काही वाटत नाही, पण उठायला गेलं की सुरी फिरल्यासारखी चमक निघते ती या थरातून. म्हणून दुखण्याला ० ते १० गुण द्यायचे तर पडून असतानाचे देऊ नका, कुशीवर वळताना आणि खोकताना किती दुखतं ते सांगा. पडल्यापडल्या २ असलेली बाई उठताना ८ वर जाते आणि औषध ठरवायचं ते या ८ वरून.

चमक कमी करण्यात गोळीइतकाच हात उठण्याच्या पद्धतीचा असतो. पाठीवरून सरळ उठून बसायचं नाही. आधी दोन्ही गुडघे दुमडून तळपाय गादीवर टेकवा. मग खांदे आणि कंबर एकाच वेळी फिरवत कुशीवर वळा. धड पिळलं गेलं की चमक आलीच. पाय खाटेच्या कडेवरून खाली सोडा आणि त्याच क्षणी खालचं कोपर आणि वरच्या हाताचा तळवा गादीत रोवून धड वर ढकला. जोर हातांचा, पोटाचा नाही. एक मिनिट बसून राहा, चक्कर येत नाही ना बघा, पाय जमिनीवर टेकवा आणि श्वास सोडत उभ्या राहा. श्वास रोखून उठलं की पोटातला दाब थेट टाक्यावर येतो. पहिल्यांदा उठताना शेजारी कुणीतरी हवंच आणि लघवीची पिशवी कमरेपेक्षा खाली धरलेली हवी.

उभं राहिल्यावर पुढे वाकून चालायची सवय लागते, कारण ताठ झालं की टाका ओढतो. ती ओढ दोन पावलांत सैल पडते. वाकून चालत राहिलं तर तिसऱ्या दिवसापासून कंबर दुखायला लागते आणि दोष मणक्यातल्या इंजेक्शनाला दिला जातो.

खोकला किंवा शिंक येणार असं वाटलं की एक छोटी, घट्ट उशी टाक्यावर दोन्ही हातांनी दाबून धरायची. साडी किंवा चादर घडी घालूनही चालते.

औषध घड्याळाकडे बघून, कळ आल्यावर नाही

मणक्यात दिलं जाणारं औषध बहुतेक ठिकाणी बुपिव्हाकेन असतं, जेमतेम २ मिलिलिटर. त्याची बधिरता दोन ते चार तासांत उतरते. इथेच पहिली मोठी चूक होते. पायात मुंग्या येऊन बोटं हलायला लागतात, बाईला अजून फारसं दुखत नसतं, म्हणून वेदनाशामक दिलं जात नाही. तासाभराने दुखणं एकदम चढतं आणि मग त्याला खाली आणायला दुप्पट औषध लागतं. भूल पूर्ण उतरायच्या आत पहिला डोस पोटात किंवा शिरेत गेलेला असायला हवा.

मणक्यातल्या त्याच इंजेक्शनात ५० ते १०० मायक्रोग्रॅम मॉर्फिन मिसळलं तर पुढचे १२ ते २४ तास बरेच सुखाचे जातात. बदल्यात नाकाला, चेहऱ्याला खाज सुटते, मळमळ होते. क्वचित श्वास मंदावतो, म्हणून पहिला दिवस लक्ष ठेवावं लागतं. मणक्यात द्यायचं मॉर्फिन आपल्याकडच्या अनेक छोट्या नर्सिंग होममध्ये नसतं. तिथे फेंटानिल मिसळतात, त्याचा परिणाम काही तासांचाच. फरक मोठा आहे, म्हणून भूलतज्ज्ञ भेटायला येतील तेव्हा सरळ विचारा: "इंजेक्शनात मॉर्फिन घालणार आहात का? नसेल तर पोटाच्या भिंतीत ब्लॉक देणार का?" हा ब्लॉक म्हणजे सोनोग्राफीत बघत पोटाच्या दोन्ही बाजूंना स्नायूंच्या थरांमध्ये सोडलेलं बधिरतेचं औषध. ते जमत नसेल तर सर्जन टाके घालताना जखमेच्या कडांमध्ये तेच औषध सोडू शकतात. या दोन्हींनी टाका बधिर होतो, पिशवीची कळ नाही. मॉर्फिन दिलेलं असेल तर ब्लॉकचा फारसा वेगळा फायदा होत नाही.

पुढचे तीन दिवस दोन साध्या औषधांवर निघतात आणि दोन्ही नेमाने घ्यायची असतात. एक पॅरासिटामॉल, १ ग्रॅम दर सहा तासांनी, दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही. वजन ५० किलोच्या आत असेल तर किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने. ४५ किलोच्या बाईला ६५० ची एक गोळी बरोबर बसते. दुसरं सूज उतरवणारं वेदनाशामक, म्हणजे आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम दर आठ तासांनी किंवा डायक्लोफेनॅक, खाल्ल्यावर. दोघांचं काम वेगळ्या रस्त्याने चालतं, म्हणून एकत्र दिल्यावर मॉर्फिनसारख्या औषधांची गरज बरीच कमी होते. पॅरासिटामॉल ६, १२, ६, १२ आणि आयबुप्रोफेन सकाळी ८, दुपारी ४, रात्री १२ असं वेळापत्रक भिंतीवर चिकटवून ठेवा. मध्यरात्रीचा डोस "झोपलीये, कशाला उठवायचं" म्हणून चुकतो आणि पहाटे पाच वाजता त्याची किंमत मोजावी लागते. बाळ तसंही उठवणारच आहे.

सूज उतरवणारं औषध सगळ्यांना चालत नाही. मूत्रपिंडाचा त्रास, पोटात अल्सर, अशा गोळ्यांनी दमा उसळण्याचा अनुभव, प्लेटलेट कमी असणं किंवा ऑपरेशनात फार रक्तस्राव झालेला असणं, यातलं काही असेल तर डॉक्टरांना आठवण करून द्या.

घरी आल्यावरची नेहमीची गफलत म्हणजे डिस्चार्जला लिहून दिलेली जोडगोळी. तिच्यात बहुधा १०० मिलिग्रॅम असेक्लोफेनॅक आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. ती चालू असताना ताप वाटला म्हणून वर पॅरासिटामॉल, कंबर दुखली म्हणून घरातली डायक्लोफेनॅक, असं करत एकाच जातीची दोन औषधं पोटात जातात. पाकिटामागचं रासायनिक नाव वाचा, पुढचं मोठ्या अक्षरातलं नाही.

दूध पाजतेय म्हणून गोळी नको, हे घरात कुणीतरी म्हणतंच. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दुधात अत्यल्प उतरतात आणि दोन्ही स्तनपानात चालतात. जपायचं ते मॉर्फिनच्या जातीच्या ट्रॅमाडॉल आणि कोडीनला. काही बायकांचं यकृत या औषधांचं रूपांतर फार वेगाने करतं आणि दुधातून बाळाला जास्त मात्रा जाऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली दूध पाजणाऱ्या आईने ही दोन औषधं घेऊ नयेत असा इशारा दिला. आपल्याकडे ट्रॅमाडॉल सिझरनंतर सर्रास दिलं जातं. दिलंच असेल तर बाळ नेहमीपेक्षा गुंगलेलं आहे का, दूध ओढताना झोपी जातंय का, श्वास संथ आहे का, यावर डोळा ठेवा आणि तसं वाटलं तर लगेच सांगा.

कळ: पहिलटकरणीला कमी, दुसऱ्या वेळी जास्त

"दुसऱ्या सिझरला जास्त दुखतं का?" हा प्रश्न हमखास येतो. टाक्याच्या दुखण्याबद्दल अभ्यासांचे निष्कर्ष दोन्ही बाजूंचे आहेत आणि मला त्यात नवल वाटत नाही, कारण दोन सिझरांची तुलना म्हणजे दोन वेगळ्या प्रसंगांची तुलना असते. पहिलं बऱ्याचदा १४-१५ तास कळा देऊन, थकून, रात्री तीनला ठरतं. दुसरं तारीख ठरवून, सकाळी उपाशीपोटी, शांतपणे होतं. टाका तितकाच असला तरी दुसऱ्या वेळी अंगात ताकद शिल्लक असते.

पण पिशवीच्या कळांबद्दल शंका नाही. त्या दुसऱ्या खेपेला वाढतात, तिसऱ्याला आणखी. बाळंतपणानंतर साधारण किलोभराचं गर्भाशय सहा आठवड्यांत १०० ग्रॅमच्या आत येतं. पहिलटकरणीचा स्नायू आवळला की बऱ्यापैकी आवळलेलाच राहतो. पुढच्या बाळंतपणांत तो आवळतो, सैल पडतो, पुन्हा आवळतो, आणि प्रत्येक वेळी कळ येते. बाळाने स्तन तोंडात घेतला की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि मिनिटभरात ओटीपोटात पिळवटल्यासारखं होतं, सोबत थोडा रक्तस्रावही वाढतो. "पाजायला घेतलं की टाके दुखतात" असं सांगितलं जातं ते बहुतेक हेच. पहिले दोन-तीन दिवस जोर असतो, मग ओसरतो. यावर आयबुप्रोफेनच्या जातीचं औषध पॅरासिटामॉलपेक्षा चांगलं चालतं, कारण कळ आणणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनवरच ते घाव घालतं. लघवी साठली की पिशवी वर ढकलली जाते आणि कळा वाढतात, म्हणून पाजायला बसण्याआधी बाथरूमला जाऊन या.

दुसऱ्या सिझरबरोबर नळ्या बांधून घेतल्या असतील तर ओटीपोटात दोन्ही बाजूंना पेटके आल्यासारखं एक-दोन दिवस जास्त वाटतं. उपाय तोच.

दुसऱ्या ऑपरेशनातला खरा फरक टेबलावर पडतो. पहिल्या वेळी शिवलेले थर एकमेकांना, कधी मूत्राशयाला, कधी आतड्याच्या पडद्याला चिकटलेले असतात. ते सोडवत आत जावं लागतं, वेळ लागतो. मणक्यातल्या इंजेक्शनाची मुदत ठरलेली असल्याने लांबलेल्या ऑपरेशनाच्या शेवटी शेवटी दुखू शकतं. ओढल्यासारखं, कुणी पोटात हात घालून भांडी घासतंय असं वाटणं नेहमीचंच आहे. तीक्ष्ण दुखायला लागलं तर मात्र गप्प राहायचं नाही. "दुखतंय" असं स्पष्ट म्हणा. भूलतज्ज्ञ शिरेतून औषध देऊ शकतात, सर्जनला थांबवू शकतात, गरज पडली तर पूर्ण भूल देतात. बाळ बाहेर आलं की पुढचं सोसायचं, असा नियम कुठेही नाही. आधीच्या वेळी काय झालं होतं (भूल नीट चढली नव्हती, खूप खाज सुटली, उलट्या झाल्या, नंतर डोकं दुखलं) तेही ऑपरेशनच्या आधी सांगा. या माहितीवर दुसऱ्या वेळचे डोस बदलतात.

आणि घरी एक दोन-अडीच वर्षांचं मूल असतं, १०-१२ किलोचं, ज्याला आईने आत्ताच्या आत्ता उचलून घ्यायला हवं असतं. माझ्या मते दुसऱ्या सिझरचं जास्तीचं दुखणं शोधायचं तर टाक्यापेक्षा आधी इथे बघावं. पहिल्या सहा आठवड्यांत नव्या बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही हे डिस्चार्ज कार्डावर असतं, मोठ्या मुलाला ते वाचता येत नाही. तुम्ही खाटेवर बसा, मुलाला स्टूलावर चढून तुमच्या कुशीत येऊ द्या. उचलून ठेवायचं काम दुसऱ्याचं. पाण्याची भरलेली बादली २० किलोच्या आसपास भरते, सिलिंडर त्याहून जड, आणि पिळलेल्या चादरींची बादलीही कमी नसते. ही कामं कोण करणार हे घरी येण्याआधी ठरवा. "बसल्या बसल्या भाजी निवडेन" इथून सुरुवात होऊन चौथ्या दिवशी बाई ओट्यापाशी उभी असते.

वारा, खांदा आणि पोट साफ होणं

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोट ढोलासारखं होतं. ऑपरेशनात हात लागलेली आतडी काही काळ सुस्त पडतात. हे दुखणं जागा बदलतं, गुडगुड आवाज येतो आणि वारा सरला की एकदम मोकळं वाटतं. याला वेदनाशामकाची नाही, चालण्याची गरज असते. भूल उतरून पायात नीट ताकद आली की सहा-आठ तासांत उठवायला हरकत नसते. दिवसातून तीनदा साखर नसलेलं च्युइंगगम चघळल्यानेही आतडी लवकर जागी होतात, कारण तोंड हललं की आतड्यांना जेवणाचा निरोप जातो. हे ऐकून सासूबाई चमकतात, पण ते खरं आहे.

उजव्या खांद्यात दुखतंय आणि खांदा तर हलवताही येतोय, असं झालं तर घाबरू नका. पोटात राहिलेली हवा किंवा थोडं रक्त छाती आणि पोटामधल्या पडद्याला टोचतं आणि त्या पडद्याची नस मानेतून येत असल्याने दुखणं खांद्यात जाणवतं. दोन दिवसांत जातं. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा लगेच दाखवा.

पाणी कमी प्यायला सांगण्याची पद्धत अजून टिकून आहे, "टाके पिकतात" म्हणून. भाताबद्दलही तेच ऐकू येतं. टाका पिकतो तो जंतूंनी, भाताने किंवा पाण्याने नव्हे. पाणी कमी, जोडीला लोहाच्या गोळ्या आणि डिंकाचे लाडू, की शौचाला खडा होतो. मग कुंथताना टाक्यावर जो ताण येतो तो कुठल्याही वेदनाशामकाला दाद देत नाही. डिंक खा, खुशाल खा, पण दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी, पालेभाजी, पपई आणि लागलं तर रात्री इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेलं लॅक्ट्युलोज हवं. कमोड नसेल तर भारतीय पद्धतीच्या संडासावर ठेवायची खुर्ची भाड्याने मिळते. पहिले दोन आठवडे उकिडवं बसून उठणं टाळलेलं बरं.

बाज, शेगडी, पट्टा

बाळंतिणीची बाज ही जुनी सोय. सिझर झालेल्या बाईसाठी ती नेमकी उलटी पडते. मध्ये झोळ असतो, वळता येत नाही, उठताना सगळा जोर पोटावर येतो. जमिनीवरची गादीही नको. गुडघ्याच्या उंचीची, टणक गादीची खाट हवी.

शेकाबद्दल मात्र जोरात सांगायला हवं. छेदाच्या वरची त्वचा बधिर असते, कारण तिच्या बारीक नसा कापल्या गेलेल्या असतात. संवेदना परत यायला सहा महिने ते वर्ष लागतं, काही ठिकाणी ती पूर्ण येतही नाही. तिथे गरम पाण्याची पिशवी किंवा निखाऱ्यांची शेगडी ठेवली तर भाजल्याचं कळत नाही, फोड आल्यावरच दिसतं. कंबरेला शेक घ्या, टाक्याच्या आसपास अजिबात नको. पोटाला तेल-मालिशही टाका पूर्ण भरेपर्यंत नको. हात-पाय-पाठीची मालिश चालते, फक्त मालिशवाल्या बाईंना पालथं झोपवू नका म्हणून सांगा.

पट्ट्याचा उपयोग होतो, पण पोट आत जाण्यासाठी नाही. चालताना टाक्याला आधार मिळून चमक कमी होते एवढंच त्याचं काम. बोटं सहज आत जातील इतपत सैल, उठताना बांधायचा, झोपताना काढायचा. करकचून आवळलेल्या पट्ट्याने खाली दाब वाढतो आणि घामाने टाका ओला राहतो.

पाजण्यासाठी कुशीवर झोपून, किंवा बाळाला काखेखाली धरून त्याचे पाय पाठीमागे नेऊन पाजायची पद्धत सोयीची. दोन्हींत बाळाची लाथ टाक्यावर बसत नाही. मांडी घालून पुढे वाकून तासन्‌तास पाजलं की पाठ धरते.

डोकं आणि कंबर

मणक्यातल्या सुईने जन्माची कंबरदुखी लागते, हा समज काही जाता जात नाही. सुई घातली त्या जागी दोन-चार दिवस दुखरं राहू शकतं. महिनोन्‌महिने दुखणारी कंबर साध्या बाळंतपणानंतरही तितकीच दुखते. कारणं गरोदरपणात ढिले झालेले सांधे, पोटाचे सैल स्नायू आणि पाजण्याची बैठक.

सुईमुळे होणारी डोकेदुखी मात्र खरी असते आणि ओळखायला सोपी. बसलं किंवा उभं राहिलं की कपाळ आणि मान भयंकर दुखते, आडवं झालं की काही मिनिटांत उतरते. साधारण पहिल्या तीन दिवसांत सुरू होते. सुईच्या छिद्रातून मणक्यातलं पाणी झिरपत राहतं म्हणून. हल्लीच्या बारीक, पेन्सिलच्या टोकासारख्या सुयांमुळे ती बरीच कमी झाली आहे. २४ तास उशी न घेता सपाट झोपवून ठेवल्याने ती टळत नाही, त्यामुळे त्या कारणासाठी बाळंतिणीला अडवून ठेवू नका. झालीच तर पाणी, पॅरासिटामॉल, कॉफी, आणि तरीही बसवत नसेल तर ब्लड पॅच: तिचंच १५-२० मिलिलिटर रक्त काढून सुईच्या जागी आवरणाबाहेर सोडतात, ते गोठून भोक बुजतं. आडवं होऊनही न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, वाढलेलं ब्लडप्रेशर किंवा आकडी (फिट) हे निराळं प्रकरण आहे, तिथे थांबायचं नाही.

ठणका

सिझरचं दुखणं रोज थोडं उतरत जातं. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर ते उलट चढायला लागलं, टाक्यात नाडीबरोबर ठणका लागला, भोवतीची त्वचा लाल, गरम, कडक झाली, पू किंवा वास येणारं पाणी यायला लागलं, ताप १०० च्या पुढे गेला, तर वेदनाशामक वाढवून वाट बघणं चूक. वरून सगळं छान दिसतंय पण पोट दाबल्यावर खोल दुखतं आणि अंगावरून जाणाऱ्याला घाण वास आहे, म्हणजे जंतू गर्भाशयात आहेत. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, ती पोटरी चोळायची नाही. पहिल्याच दिवशी पोट फुगत चाललंय, नाडी वेगात आहे, चेहरा पांढरा पडलाय आणि दुखणं औषधाला बधत नाही, तर आत रक्तस्राव होत असू शकतो. सिस्टरला त्याच मिनिटाला बोलवा, राउंडची वाट बघू नका.

टाका रोज साबण-पाण्याने हलक्या हाताने धुवा, स्वच्छ कपड्याने टिपून कोरडा करा. पोटाची वळी त्यावर पडत असेल तर ती उचलून वारा लागू द्या. हळद, तेल, पावडर काही नको. चड्डीचं इलॅस्टिक नेमकं टाक्यावर येणार नाही अशी कमरेपर्यंतची चड्डी घ्या. अगदी क्षुल्लक वाटणारी गोष्ट, पण आराम लगेच पडतो.

सरकारी रुग्णालयात सिझर झालं असेल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात ऑपरेशन, औषधं आणि सात दिवसांपर्यंतचं जेवण मोफत आहे. "घरी जाते, मोठं मूल वाट बघतंय" म्हणून तिसऱ्या दिवशी सही करून निघू नका. टाक्याची गडबड बहुतेक त्यानंतर दिसते.

आग: तीन महिन्यांनंतरही

तीन महिने उलटून गेल्यावरही दुखत राहणाऱ्या बायका कमी नाहीत. वेगवेगळे अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा तीन ते सहा महिन्यांच्या टप्प्यावर सुमारे १५ टक्के आणि वर्षानंतर सुमारे ११ टक्के आहे. बहुतेकींचं दुखणं सौम्य असतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की पहिल्या २४ तासांत ज्यांचं दुखणं तीव्र होतं त्यांना आठ आठवड्यांनी दुखत राहण्याची शक्यता अडीच पट आणि नैराश्याची तीन पट होती, मग बाळंतपण साधं असो वा सिझर. तो पहाटेचा चुकलेला डोस आणि भुलीबरोबर संपलेलं औषध इथपर्यंत येऊन पोचतं.

टाक्याच्या टोकाला आग होते, जांघेत किंवा मांडीच्या आतल्या बाजूला विजेसारखं जातं, कपडा घासला तरी सहन होत नाही, तर छेदाच्या कडेची नस टाक्यात अडकली किंवा व्रणात आवळली गेली असू शकते. छेद जितका बाजूला लांबलेला तितकी ही शक्यता जास्त, आणि दुसऱ्या सिझरला तोच व्रण पुन्हा उघडलेला असतो. घरी एक करून बघता येतं. पाठीवर झोपा, सर्वांत दुखऱ्या ठिकाणी एक बोट ठेवून दाबा आणि डोकं-खांदे गादीवरून थोडे उचला. पोट आवळल्यावर दुखणं वाढलं तर ते पोटाच्या भिंतीतलं आहे, कमी झालं तर आतलं. डॉक्टरांना हा निकाल आणि तो एक बिंदू दाखवा. तिथे बधिरतेचं इंजेक्शन दिल्यावर दहा मिनिटांत दुखणं गेलं तर निदान पक्कं होतं, आणि कित्येकींना अशा दोन-तीन इंजेक्शनांनीच कायमचा आराम पडतो.

टाका पूर्ण भरल्यावर, साधारण सहा आठवड्यांनी, दोन बोटांनी व्रण वर-खाली आणि गोल सरकवत रोज पाच मिनिटं चोळला तर खालच्या थरांना चिकटून बसलेली ओढ सैल व्हायला मदत होते. कोरड्या खाजेसाठी साधं खोबरेल पुरतं.

खोकलं की टाक्यापाशी फुगवटा येतो आणि आडवं झालं की आत जातो, तो हर्निया. आणि व्रणात एक टणक गाठ लागते, महिन्यातून एकदाच दुखते, तीही पाळीच्या दिवसांत. या गाठीला कित्येक महिने "टाक्याची गाठ आहे, जाईल" असं म्हटलं जातं. ऑपरेशनच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी जखमेत राहतात आणि तिथेच रुजतात, त्याची ती गाठ. कॅलेंडरवर दुखण्याचे आणि पाळीचे दिवस दोन रंगांत मांडा. तीन महिने दोन्ही रंग एकत्र पडले तर तेच कॅलेंडर घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सोनोग्राफी दुखत असतानाच्या दिवसांत करून घ्या, गाठ तेव्हा फुगलेली असते. संप्रेरकांच्या गोळ्यांनी ती दबते, जात नाही. काढायची झाली तर भोवतीची सेंटिमीटरभर निरोगी जागाही सोबत काढावी लागते, नाहीतर ती पुन्हा वाढते.